चढ नसलेल्या वाटा

सप्टेंबर संपत आला की न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीतल्या मराठी घरांत एकच विचारणा सुरू होते: यंदा पानांचे रंग बघायला कुठे? कोणी व्हरमाँटमधली खोली उन्हाळ्यातच धरून ठेवलेली असते, कोणी ॲडिरॉन्डॅकच्या डोंगरांत तंबू ठोकणार असतं. घरात रांगतं बाळ असेल आणि पुण्याहून आलेली, गुडघ्यांनी बेजार झालेली आई असेल, तर त्या गप्पांमध्ये आपला प्रश्न वेगळाच असतो. चार-पाच तास गाडीत बसणं दोघींनाही सोसत नाही. मुक्काम नको. सकाळी निघून बाळाची संध्याकाळची पेज घरी व्हायला हवी. वाटेत पायऱ्या नकोत, आणि शक्यतो माणसांची गर्दीही नको.

हे शेवटचं मी मुद्दाम म्हणते. बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात मला सगळ्यात जास्त ओढ लागली ती शांततेची. क्वीन्समध्ये आम्ही राहतो तिथे रस्त्याच्या डोक्यावरून, लोखंडी खांबांवरून लोकल धावते. रात्री उशिरापर्यंत तिचा खडखडाट असतो. झाडाखाली बाबागाडी उभी करून थोडा वेळ कोणाशीही न बोलता बसायला मिळावं, ही मला चैन वाटली नाही, गरज वाटली. घरात लहान मूल असलेल्या कोणालाही ही गरज बोलून दाखवताना संकोच वाटू नये.

इंटरनेटवर ‘मुलांना घेऊन जाण्यासारखी ठिकाणं’ अशा याद्या ढिगानं सापडतात. पण त्यांतलं मूल सहा-सात वर्षांचं असतं. ते खडकावर चढतं, ओढा उडी मारून ओलांडतं. चाकांवरचं मूल यातलं काही करत नाही. बाबागाडीला लागतात तीन गोष्टी: दोन माणसं शेजारून जातील एवढी रुंदी, हलका उतार आणि दाबून बसलेली जमीन. दुकानांतल्या गुळगुळीत फरशीसाठी बनवलेली छोटी, कडक चाकं सुट्या खडीत शिरली की आडवी होऊन अडतात. ओकच्या झाडाखाली पडलेली टणक फळं चाकात अडकतात. झाडाची मुळं वर आलेली असतील तर प्रत्येक मुळाला धक्का बसतो आणि नुकतं झोपलेलं बाळ डोळे उघडतं. ओल्या पानांचा थर उतारावर चांगलाच घसरडा असतो. तिथे हँडलचा पट्टा मनगटात अडकवलेलाच बरा. हवा भरलेल्या मोठ्या चाकांची गाडी या सगळ्यातून सुखानं जाते, पण ती जड असते, आणि या शहरातल्या निम्म्याहून अधिक सबवे स्टेशनांना अजून लिफ्ट नाही. म्हणून सहल ठरवताना डोंगर निवडण्याआधी स्टेशन निवडावं लागतं.

नकाशा पुढ्यात घेऊन शोधाशोध करताना एक गोष्ट हळूहळू ध्यानात आली. आमची गाडी जिथे विनासायास चालली, ती एकही वाट पायी फिरायला येणाऱ्यांसाठी बांधलेली नव्हती. एक पाण्यासाठी होती, एक घोडागाड्यांसाठी, एक आगगाडीसाठी, एक खेचरांसाठी. पाणी चढत नाही. आगगाडीला चढ सोसत नाही. भरलेली नाव ओढणाऱ्या खेचराला सपाट काठ लागतो. या सगळ्यांसाठी शंभर ते दोनशे वर्षांपूर्वी इंजिनिअरांनी आणि मजुरांनी जमीन समतल करून ठेवली. पुढे पाणी, गाड्या आणि खेचरं गेली, उतार तेवढा राहिला. गर्दीही इथे कमी असते, कारण लोक जातात शिखरावर, जिथून एका दमात सगळी दरी दिसते. या वाटा कुठेही टोकाला नेत नाहीत. त्या नुसत्या चालत राहतात.

माझी सगळ्यात आवडती वाट पाण्याची आहे: जुना क्रोटन जलमार्ग. १८३२ साली न्यूयॉर्कमध्ये पटकीची मोठी साथ आली, १८३५ मध्ये शहराचा व्यापारी भाग आगीत जळाला. विहिरींचं पाणी पिण्याच्या लायकीचं नव्हतं आणि आग विझवायला पुरेसं पाणीच नव्हतं. मग १८३७ पासून उत्तरेकडच्या क्रोटन नदीवर धरण बांधून तिचं पाणी शहरात आणायचं काम सुरू झालं. जॉन जर्व्हिस हे मुख्य इंजिनिअर. मजूर बहुतेक आयरिश, नुकतेच बोटीतून उतरलेले. ४१ मैलांचा विटांचा बंदिस्त बोगदा त्यांनी बांधला आणि त्याला उतार दिला मैलाला सुमारे १३ इंच. पंप नाही, यंत्र नाही, नुसत्या उतारानं पाणी मॅनहॅटनपर्यंत आलं. १४ ऑक्टोबर १८४२ रोजी शहरानं मिरवणूक काढली, तोफा उडवल्या, सिटी हॉलसमोर कारंजं नाचलं. मॅनहॅटनला या बोगद्यातून १९५५ पर्यंत पाणी येत होतं. आता त्याच्या पाठीवरून, मातीखाली बोगदा तसाच ठेवून, २६ मैलांची पायवाट जाते.

मैलाला १३ इंच म्हणजे बाबागाडीच्या हातांना कळतही नाही. ग्रँड सेंट्रल स्टेशनहून हडसन लाइनची गाडी धरायची आणि डावीकडची खिडकी पकडायची, कारण हडसन नदी सगळा वेळ त्याच बाजूला असते. पलीकडच्या तीरावर पॅलिसेड्सचे उभे कडे दिसतात. आई पहिल्यांदा पाहून म्हणाली, “अगं, हे तर घाटातल्यासारखं दिसतंय.” तिचं बरोबर होतं; तो कातळही थिजलेल्या शिलारसाचाच आहे, फक्त सह्याद्रीपेक्षा पुष्कळ जुना. अर्व्हिंग्टनला उतरलं की मेन स्ट्रीटचा चढ लागतो. दिवसभरातला चढ तेवढाच. तो आम्ही आईच्या चालीनं, मध्ये एका बेकरीपाशी थांबून चढतो. अर्ध्या रस्त्यात जलमार्ग आडवा येतो. डावीकडे वळलं तर लिंडहर्स्टच्या जुन्या वाड्याची प्रचंड हिरवळ, उजवीकडे थोड्या अंतरावर झाडांतून डोकावणारं एक अष्टकोनी, घुमटाचं, गुलाबी घर. वाट लोकांच्या परसांमागून जाते. कोणी पानं गोळा करत असतं, कोणाचा कुत्रा कुंपणापाशी येऊन बाळाला न्याहाळतो. काही ठिकाणी मुळं आहेत, रस्ता ओलांडताना कठडे आहेत, तेव्हा छोट्या चाकांच्या गाडीला पुढची बाजू जरा उचलावी लागते. पण मध्ये लांबच लांब पट्टे असे येतात की हात नुसता गाडीवर ठेवून चालावं.

या वाटेवर ठरावीक अंतरानं दगडी मनोरे उभे आहेत, माणसापेक्षा उंच, गोल आणि आतून पोकळ. बोगद्यात हवा खेळती राहावी, दाब साचू नये म्हणून बांधलेले. पहिला मनोरा दिसल्यावर आई जवळ गेली, दगडावर हात ठेवला आणि म्हणाली, “हे उच्छ्वास आहेत.” तिचं बालपण पुण्यातल्या पेठेत गेलं. अठराव्या शतकाच्या मध्याला नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणलं, तेही नळाच्या बंदिस्त दगडी मार्गानं, नुसत्या उतारावर. त्या मार्गावरही हवेसाठी असेच मनोरे होते, त्यांना उच्छ्वास म्हणत. पाणी पेठांमधल्या हौदांत पडे. हौदावर पाणी भरायला आईची आजी जात असे. हडसनच्या काठी उभी राहून तिनं नातीला हे सगळं सांगितलं. नातीला त्यातलं काही कळलं नाही, पण ती मनोऱ्याच्या दगडावर हात आपटत राहिली. मला त्या दिवसापासून ही वाट परकी वाटत नाही. दोन शहरांना एकाच अडचणीवर एकच उपाय सुचला, पुण्याला सुमारे नव्वद वर्षं आधी.

घोडागाड्यांची वाट यापुढे थोडी उत्तरेला आहे, रॉकफेलर स्टेट पार्क प्रिझर्व्हमध्ये. तेलाच्या व्यवसायातून अमाप श्रीमंत झालेल्या जॉन रॉकफेलर यांना घोडागाडी हाकायचा शौक होता. त्यांनी आणि त्यांच्या मुलानं आपल्या जमिनीवर बारीक खडीचे रस्ते आखले, ओढ्यांवर दगडी पूल बांधले. मेन राज्यातल्या अकेडिया राष्ट्रीय उद्यानातले प्रसिद्ध घोडागाडी-रस्तेही त्याच मुलानं बांधवले. इथली जमीन पुढे राज्याला मिळाली आणि १९८३ पासून ती सगळ्यांना खुली आहे. रस्ते रुंद, खडी पक्की दाबलेली, वळणं मोठी. सायकलींना इथे मज्जाव आहे, आणि बाळ घेऊन चालणाऱ्याला या नियमाचं मोल फार मोठं. मागून घंटा वाजत नाही, दर मिनिटाला कडेला सरकावं लागत नाही. कधी एखादा घोडेस्वार येतो, तो लांबूनच दिसतो. स्वान लेक नावाच्या तळ्याला एक फेरी मारायला आईच्या चालीनं पाऊण-एक तास लागतो. काठाला बाकं आहेत. तिथे मी निवांत बाळाला अंगावर पाजलं आहे, आईनं शेजारी बसून दशम्या आणि लसणाची चटणी उलगडली आहे. इथे जायला गाडी लागते, ही एक अडचण. आम्ही मैत्रिणीबरोबर जातो, किंवा टॅरीटाऊनहून टॅक्सी करतो. तरी माझं मत विचाराल तर बाळाची पहिली सहल इथेच काढावी.

शेजारी स्लीपी हॉलो गाव आहे, बिनमुंडक्याच्या घोडेस्वाराच्या गोष्टीमुळे जगाला माहीत झालेलं. हॅलोविनमुळे ऑक्टोबरभर तिथे जत्रा असते. तिकडे त्या महिन्यात फिरकू नये. सफरचंदं तोडायच्या मळ्यांबद्दलही माझं तेच मत आहे: ओबडधोबड गवत, लांब रांगा आणि गाणी. सफरचंदं रस्त्याकडेच्या टपरीवरही तितकीच चांगली मिळतात.

आगगाडीची वाट म्हणजे पकिप्सीचा पूल. हडसनवरचा हा रेल्वेपूल १८८९ मध्ये सुरू झाला, १९७४ साली त्याला आग लागली आणि मग पस्तीस वर्षं तो गंजत उभा होता. गावातल्या लोकांनी पाडू दिला नाही. २००९ च्या ऑक्टोबरमध्ये तो पायी चालणाऱ्यांसाठी खुला झाला. लांबी सव्वा मैलाहून थोडी जास्त, नदीपासून उंची २१२ फूट, आणि वर सपाट काँक्रीट. स्टेशनापासून जवळच नदीकाठी काचेची लिफ्ट आहे, ती २१ मजल्यांची उंची चढवून थेट पुलावर सोडते. वारा जोराचा असला की ती बंद ठेवतात आणि थंडीत तर बंदच असते, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी. पुलावरून नदीच्या दोन्ही तीरांवरचे डोंगर लांबवर रंगांनी पेटलेले दिसतात. इथे माणसं असतात, ही जागा अगदी एकांताची नाही; पण पूल रुंद आहे आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी तो जवळपास रिकामा असतो. वारा मात्र बोचरा. बाळाला टोपी, मोजे आणि आईनं आणलेली गोधडी. प्लास्टिकचं पारदर्शक आवरण गाडीवर चढवलं की लेक आत बसून खालून जाणाऱ्या आगगाड्या बघते.

खेचरांची वाट न्यू जर्सीत आहे, आणि एडिसन, प्लेन्सबरो, वेस्ट विंडसर या मराठी माणसांनी गजबजलेल्या गावांपासून ती फार लांब नाही. तरी तिथे आपली माणसं क्वचित भेटतात, याचं मला वाईट वाटतं. डेलावेअर आणि रॅरिटन कालवा १८३० ते १८३४ या वर्षांत हातांनी खणला गेला, कुदळ-फावड्यांनी, पुन्हा आयरिश मजुरांकडूनच. ज्या १८३२ च्या पटकीनं न्यूयॉर्कला पाण्याची निकड भासवली, तिनं या कालव्यावरचेही कित्येक मजूर नेले. पेनसिल्व्हेनियाचा कोळसा नावांत भरून न्यूयॉर्ककडे जायचा आणि काठावरून खेचरं नाव ओढायची. १९३२ साल संपल्यावर नावा थांबल्या. कालवा मात्र अजून वाहतो. मध्य न्यू जर्सीतल्या बऱ्याच घरांच्या नळाला याचंच पाणी येतं. ज्यांच्या घरी आपण जेवायला जातो त्यांचा आमटी-भात या पाण्यात शिजतो, हे कळल्यावर मी त्या संथ पाण्याकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहू लागले.

किंग्स्टन, ग्रिग्जटाऊन, ब्लॅकवेल्स मिल्स, कुठूनही सुरुवात करता येते. काठावर बारीक खडीचा पट्टा, एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला झाडी. नावा जाऊ देण्यासाठी पूल उघडणाऱ्या माणसांची जुनी, छोटी घरं अजून काठावर आहेत. कासवं ओंडक्यांवर ओळीनं ऊन खात बसलेली असतात. थंडीआधीचं शेवटचं ऊन. निळा बगळा पाण्यात एका पायावर उभा असतो. सायकलस्वार येतात, पण बहुतेक जण आधी आवाज देतात. कालव्याला सगळीकडे कठडा नाही, म्हणून थांबलं की आधी ब्रेक लावायचा आणि गाडीचं तोंड झाडांकडे करायचं. चालायला लागलेलं मूल असेल तर एका मोठ्या माणसानं पाण्याच्या बाजूनंच चालावं.

रंगांबद्दल एक सांगायला हवं, कारण दिवस ठरवताना ते उपयोगी पडतं. थंडीची चाहूल लागली की झाड पानातलं हरितद्रव्य मोडून आत घेऊ लागतं. पिवळा आणि नारिंगी रंग पानात आधीपासूनच असतो, हिरव्याखाली झाकलेला. लाल रंग मात्र नव्यानं बनतो, पानात अडकलेल्या साखरेतून. म्हणून दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारवा, पण गोठवणारी थंडी नाही, अशी हवा असेल तेव्हा मेपल सगळ्यात तांबडे होतात. उत्तरेच्या डोंगरांत हे सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होतं, हडसनच्या खोऱ्यात ऑक्टोबरच्या मध्यापासून पुढे, शहरात नोव्हेंबर उजाडतो. ऑक्टोबरातल्या दुसऱ्या सोमवारच्या सुट्टीला जोडून सगळं शहर बाहेर पडतं. मी त्या शनिवार-रविवारी घरीच थांबते. मला आवडतो नोव्हेंबरचा पहिला आठवडा. मेपलची पानं गळलेली असतात, पण ओक अजून तांबूस असतात, बीच झाडांची पानं फिकट सोनेरी होऊन फांद्यांना धरून राहतात, आणि झाडी विरळ झाल्यामुळे नदी जास्त दिसते. माणसं निघून गेलेली असतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि सूर्य पाचच्या आत मावळतो, म्हणून तेव्हा सकाळची गाडी धरावी आणि तीनच्या सुमाराला परतीला लागावं. उतरत्या उन्हात गारवा फार लवकर येतो आणि बाळाची बोटं सगळ्यांआधी गार पडतात.

आणखी एक काळजी, जिच्याबद्दल नव्यानं आलेल्यांना कोणी सांगत नाही. हरणांच्या अंगावरची गोचीड इथे लाइम नावाचा आजार पसरवते. शेजारच्या कनेटिकटमधल्या एका गावावरून त्याला ते नाव पडलं. थंडी पडू लागली की ती मरते असं वाटतं, पण मोठी झालेली गोचीड ऑक्टोबर-नोव्हेंबरातच जोमात असते, आणि ती असते तिळाएवढी. वाटेच्या मधून चालावं, मोजे पँटवर ओढून घ्यावेत, बाळाला पानांच्या ढिगात बसवलं तर घरी आल्यावर कानामागे, मानेवर, काखेत, गुडघ्यांच्या लवणीत नीट बघावं. पानांत बसवू नका असं मी म्हणणार नाही. वाळलेलं पान मुठीत चुरडल्यावर होणारा आवाज ऐकून माझी लेक जशी हसली, तशी ती कुठल्याच खेळण्यानं हसली नव्हती.

शिकागोतल्या एका मैत्रिणीनं, तिचंही बाळ तान्हं आहे, मला विचारलं की आमच्याकडे असं काही असेल का. मी तिला नकाशावर जुन्या रेल्वेची आणि कालव्यांची रेघ शोधायला सांगितली. तिच्या घरापासून जवळच इलिनॉय प्रेअरी पाथ निघाला, बंद पडलेल्या विजेच्या रेल्वेच्या जागेवरचा. वॉशिंग्टनच्या लोकांना पोटोमॅकच्या काठचा सी अँड ओ कालवा आहे, १८४.५ मैलांचा, बॉस्टनला रेल्वेच्या जागेवरून गेलेली मिनिटमन वाट आहे. लंडनमधल्यांनी तर कालव्याच्या काठापासूनच सुरुवात करावी.

आई आता पुण्याला परत गेली आहे. रोज सकाळी ती खडकवासल्याहून शहरात येणाऱ्या मुठा कालव्याच्या काठानं चालते. इंग्रजांच्या काळात खणलेला तो कालवाही उतारावरच वाहतो. पूर्वी ती गुडघ्यांमुळे बाहेर पडायची टाळायची. डिसेंबरात आम्ही तिकडे जाणार आहोत, आणि बाबागाडी कुठून कुठपर्यंत जाईल हे तिनं आधीच चालून पाहून ठेवलं आहे: एका पुलापासून पुढच्या पुलापर्यंत जमीन चांगली आहे, त्यापुढे खड्डे आहेत, आणि सातच्या आत निघावं लागेल, कारण नंतर दुचाक्या सुरू होतात. मोठ्या चाकांचीच गाडी आणा, असंही तिनं बजावलं आहे.